बालविभाग कोरा करकरीत कसा राखावा

अभिनंदन! गावच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून रुजू झालात आणि कार्यकारिणीने विश्वासाने बालविभागाची किल्ली तुमच्या हाती दिली. पगाराचा विषय अनुदानाचा हप्ता आला की काढू. तूर्त किल्ली जपा.

बालविभागाचं कपाट काचेचं असतं ते उगाच नाही. मुलांना पुस्तकं दिसली पाहिजेत, पण हाताला लागता कामा नयेत. मध्ययुगात युरोपात ग्रंथ साखळीने मेजाला बांधून ठेवत. आपण इतके मागासलेले नाही, आपल्याकडे कुलूप आहे. ग्रंथालयाचा कोर्स करताना तुम्ही रंगनाथन पाठ केले असतील. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली आणि पहिलंच सूत्र असं घातलं की ग्रंथ उपयोगासाठी असतात. थोर माणूस, पण मद्रासला बसून बोलणं सोपं. इथे दाखल नोंदवहीतलं प्रत्येक पुस्तक तपासणीच्या दिवशी जागेवर सापडावं लागतं. हरवलं, फाटलं तर खुलासा तुम्ही द्यायचा. कपाटातून बाहेरच न पडलेल्या पुस्तकाचा खुलासा आजवर कुणी मागितलेला नाही.

आता कोकणातली एक खास अडचण सांगतो. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जूनपासून दसऱ्यापर्यंत भिंतीसुद्धा घामेजलेल्या असतात. अशा हवेत बंद कपाट म्हणजे बुरशीला आमंत्रण. त्यात कसर. कसरीला मजकुराशी कर्तव्य नसतं, तिला बांधणीतली खळ आणि कागद हवा असतो. त्यामुळे ती वयोगट बघत नाही, बोध विचारत नाही, वर्गणी तर भरतच नाही. आमच्या कपाटात वरच्या फळीवर थोर पुरुषांच्या चरित्रांचा एक संच होता, जाड पुठ्ठ्याचा, सोनेरी अक्षरांचा. एकदा गणपती झाल्यावर एक खंड उघडायला गेलो तर पानं एकमेकांना धरून बसलेली, कडेला जाळीदार नक्षी आणि आत बारीक रुपेरी हालचाल. खालच्याच कप्प्यात भुतांच्या गोष्टींचं एक पुस्तक होतं. त्याला कव्हर नाही, पाठीला पांढरी चिकटपट्टी, मधल्या पानावर आमरसाचं बोट. त्याला मात्र कसर शिवली नव्हती. ते सतत कुणा ना कुणाच्या घरी असतं, कसरीने बिचारीने ते कधी गाठावं?

पण याचा भलता अर्थ काढू नका. वार्षिक सभेला पाहुणे आले की त्यांना वरची फळीच दाखवायची असते. डांबरगोळ्या वाढवा.

खरेदी मार्चमध्ये करा. अनुदान संपवायचं असतं, निवड करायला वेळ नसतो, आणि वेळ नसला की निवड चुकत नाही. विक्रेता भरघोस सवलतीची यादी आणेल, तीतले संच डोळे मिटून घ्या. ‘घडवा’, ‘व्हा’, ‘जिंका’ अशा क्रियापदांनी संपणारी शीर्षकं बालविभागासाठी सर्वोत्तम. ती मुलं मागत नाहीत, त्यामुळे टिकतात. ज्याच्या मुखपृष्ठावर उंदराने चष्मा घातलाय असलं काही दिसलं तर ताबडतोब बाजूला सारा. त्याची आठ दिवसांत लक्तरं होणार. ‘किशोर’ मासिकाचं काय करू, असं विचाराल. ते बालभारतीकडून १९७१ पासून निघतंय, बंद करता येणार नाही. पण अंक आला की लगेच वर्षाचे बारा एकत्र बांधायला काढून ठेवा. बाइंडर पुढच्या वर्षी येतो.

पालकांची चिंता करू नका, ते आपल्याच बाजूचे आहेत. काउंटरवर येऊन ते पहिला प्रश्न विचारतात, “नवोदयचं काही आहे का?” दुसरा, “शिष्यवृत्तीचं?” पोरगं मागे उभं राहून काचेला नाक लावून असतं. त्याच्याकडे बघू नका. बघितलंत की ते बोलतं.

आमच्याकडे एकदा बोललंच. “सर, भुताचा पुस्तक आसा?”

बाप चपापला. “गप रे मेल्या, रातचो झोपाक नाय आणि भुतां होयी!” मग माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत, “असली पुस्तकं मुलांच्या मनावर परिणाम करतात हो.”

हे अगदी खरं आहे. म्हणून तर त्या मुलाची आजी त्याला रोज दिवेलागणीला गावचं राखणदार भूत, म्हणजे देवचार, कुठल्या वाटेने फिरतो, त्याच्या काठीचा आवाज कसा येतो आणि कुठल्या वडाखालून एकट्याने जायचं नाही, ते सगळं तोंडी सांगते. तोंडी सांगितलं की संस्कार, छापलं की परिणाम! गावात दशावताराचा खेळ लागला की हेच पोर पहाटेपर्यंत राक्षसाच्या पुढ्यात बसून असतं आणि बाप मांडी देतो टेकायला. पण राक्षस पुस्तकात नको. देवगड तालुक्यात जन्मलेल्या विंदा करंदीकरांनी मुलांसाठी अख्खी भुतावळ कवितेत नाचवली. मोठेपणी त्यांना ज्ञानपीठ मिळालं, तेव्हा ते क्षम्य आहे. त्यांचं नाव भाषणात घ्यावं, भुतं कपाटात ठेवावीत.

‘श्यामची आई’ मात्र बिनधास्त द्या. किंबहुना तीच द्या. वाढदिवसाला, मुंजीला, बक्षीस समारंभाला, दहावीच्या सत्काराला. साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे, म्हणजे घरचेच, आणि पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, म्हणजे पवित्र. एकाच घरात चार प्रती साठल्या तर पाचवी वाचनालयाला देणगी म्हणून येते. पुस्तक स्वतः पुन्हा उघडून बघू नका एवढंच. कारण त्यात पोहायला जायचं टाळण्यासाठी लपून बसणारा आणि आईच्या हातचा मार खाणारा एक द्वाड पोरगा आहे. मोठा माणूस होण्यासाठी पुस्तकं हवीत म्हणून तो चक्क पैसे चोरतो, त्यावर एक पूर्ण प्रकरण आहे. मुलांना नेमकं तेवढंच आवडतं. आपल्याला रडणं आठवतं, म्हणून आपण ते वाटतो. दोन्ही पक्ष खूश, चालू द्या.

तरीही एखादं मूल वाचायला लागलंच तर उपाय आहेत. वयोगटाचा शिक्का मारा. दहा वर्षांच्या मुलाने सहा वर्षांचं पुस्तक मागितलं तर “लाज नाही वाटत?” आणि बारा वर्षांच्या मुलीने मोठ्यांच्या विभागातली कादंबरी मागितली तर “आईला विचारून ये.” पुस्तक परत आलं की उभं करून विचारा, बोध काय घेतलास? उत्तर तयार नसेल तर पानभर सारांश लिहून आणायला सांगा, त्याशिवाय दुसरं पुस्तक नाही. हा उपाय अक्सीर आहे. आमच्याकडे रोज एक पुस्तक फस्त करणारी एक मुलगी होती. सारांशाची वही लावल्यावर ती हळूहळू येईनाशी झाली. तिचा सारांश सुंदर असायचा, हे मुद्दाम नमूद करतो. वही अजून आहे, पाहुण्यांना दाखवतो.

वर्षातून एक दिवस मात्र कपाट उघडावंच लागतं. १५ ऑक्टोबर, कलामांची जयंती, वाचन प्रेरणा दिन. त्याची तयारी आधीपासून करा. बॅनर, हार, टेबलक्लॉथ, फोटोग्राफर. शाळेतून चाळीस मुलं मागवा, सतरंजीवर ओळीत बसवा आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक द्या. वरच्या फळीवरचीच, त्यांची मुखपृष्ठं चकचकीत असतात. मग फोटो. इथे एक धोका सांगून ठेवतो. आमच्या एका फोटोत दुसऱ्या ओळीतला एक मुलगा खाली मान घालून बसलेला दिसतो. गडबडीत त्याच्या हाती चुकून खालच्या कप्प्यातलं पुस्तक गेलं होतं आणि तो वाचत होता. फोटोग्राफर ओरडतोय, “बाळा, मान वर! पुस्तक छातीशी!” मुख्याध्यापक ओरडताहेत, अध्यक्ष खाकरताहेत, मुलगा पान उलटतोय. शेवटी शिपायाने पुस्तक काढून घेतलं तेव्हा त्याने वर पाहिलं, पण असं पाहिलं की तोही फोटो पाठवण्यासारखा आला नाही. आम्ही त्याला कापून फोटो वर्तमानपत्राला दिला. तेव्हापासून कार्यक्रम संपला की पुस्तकं दारातच मोजून घेतो. तुम्हीही घ्या.

मे महिन्यात मुंबईहून चाकरमान्यांची मुलं येतात. त्यांना महिनाभरासाठी सभासद करून घ्यायचं नाही. पुस्तक ठाण्याला गेलं की संपलं. शिवाय वीज गेली, मोबाइलची रेंज गेली की हीच मुलं ओटीवर पडल्या पडल्या काहीही वाचतात, फरसाणाच्या कागदापर्यंत. त्यांना आपल्या पुस्तकांची खरंच गरज नाही.

राहता राहिली निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून काढून टाकायची पुस्तकं. पाठ सुटलेली, पानं गळालेली, रेवाळ हातांची, कुणीतरी शेवटी “लय भारी” असं पेनाने लिहिलेली. असली पुस्तकं बालविभागाला शोभत नाहीत. समितीचा ठराव घ्या, नोंदवहीत लाल शाईने काट मारा आणि सुतळीने गठ्ठे बांधून मागच्या पडवीत टाका. पडवीला दार नाही, कुलूप नाही, नोंद नाही. तिथे दुपारी चपला दिसू लागल्या, गठ्ठ्याची सुतळी सुटलेली दिसली आणि आतून दोघा-तिघांचं दबकं हसू आलं, तर त्यावर शासनमान्य असा कुठलाच उपाय नाही. रद्दीवाल्याला शनिवारी सकाळी बोलवा, शाळा सुटायच्या आत.