‘घरी न्या’ म्हटल्यावर

स्ट्रोकचा किंवा खुब्याचं हाड मोडलेला पेशंट स्थिर झाला की डॉक्टर म्हणतात, आता घरी न्या. दुपारी बिल भरायचं, संध्याकाळी ॲम्ब्युलन्स. मधल्या तीन तासांत घरातलं कुणीतरी सर्जिकलच्या दुकानात धावतं आणि बेड, एअर बेड, सक्शन मशीन यांच्यासोबत नाडी, बीपी, ऑक्सिजन पडद्यावर दाखवणारा मल्टिपॅरा मॉनिटरही भाड्याने घेऊन येतं. मॉनिटर दिसला की जरा धीर येतो, हे कळतं. तरी माझं मत स्पष्ट आहे. डॉक्टरांनी लेखी सांगितला नसेल तर मॉनिटर परत करा आणि ते पैसे रात्रीच्या माणसावर खर्च करा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरी त्रास होतो तो पाठीच्या जखमेचा, फुफ्फुसात उतरलेल्या फीडचा, म्हणजे नळीतून दिलेल्या पातळ अन्नाचा, आणि तुंबलेल्या लघवीच्या नळीचा. यातलं एकही मॉनिटर वेळेवर सांगत नाही.

आधी जिना. पुण्यात पेठांतल्या वाड्यांचं सोडाच, कोथरूड-कर्वेनगरच्या जुन्या सोसायट्यांत लिफ्टच नाही, किंवा आहे ती चार माणसांची, तिच्यात स्ट्रेचर आडवं जात नाही. पेशंटला खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं तर जिन्याच्या वळणावर खुर्ची फिरते का हे आदल्या दिवशी रिकाम्या खुर्चीने बघा. दाराची रुंदी मोजा. बेड दोन्ही बाजूंनी मोकळा राहील असा लावा. भिंतीला चिकटवलात की कूस बदलताना एकाच माणसाची कंबर जाते.

फाउलर बेडला, म्हणजे हॉस्पिटलसारख्या वरखाली होणाऱ्या बेडला, दोन हँडल असतात, एक डोक्याकडचं आणि एक गुडघ्याकडचं. आधी गुडघ्याकडचा भाग थोडा उचलायचा, मग डोक्याकडचा. उलट केलंत तर पेशंट खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं मांस हाडासोबत सरकतं. माकडहाडावरची जखम कितीदा तरी अशी सुरू होते. खाली सरकलेल्या पेशंटला काखेत हात घालून ओढू नका. आडवी घडी घातलेली चादर कमरेखाली कायम ठेवा आणि दोघांनी ती दोन्हीकडून धरून उचलून वर घ्या.

एअर बेड लावला म्हणून कूस बदलणं सुटत नाही. दर दोन तासांनी, पूर्ण कुशीवर नव्हे तर साधारण ३० अंश तिरकं, पाठीमागे उशी. पोटऱ्यांखाली उशी अशी की टाचा हवेत राहतील. एअर बेडवर गोधडी, रबरी शीट, वर पुन्हा चादरीची घडी असे थर चढवले की आतल्या हवेचा उपयोग संपला. एक पातळ चादर पुरे. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. पांढरा होऊन परत लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर जखम सुरू झाली समजा आणि त्या बाजूवर झोपवणं बंद करा. तिथे मालिश नको, पावडर नको, आणि बसायला ती रबराची गोल रिंग तर अजिबात नको. रिंगमुळे कडेच्या भागावर दाब वाढतो आणि मधला रक्तपुरवठा कमी होतो.

आता नाकातली नळी. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात, म्हणून सविस्तर लिहितो.

रायल्स ट्यूब नाकपुडीशी जिथे असते तिथे मार्करने खूण करून ठेवा. प्रत्येक फीडआधी ती खूण पाहायची. खूण नाकापासून लांब दिसली म्हणजे नळी बाहेर सरकली आहे. फीड थांबवा, नर्सला बोलवा, स्वतः आत ढकलू नका. सिरिंजने हवा मारून पोटावर कान ठेवायची जुनी पद्धत भरवशाची नाही, नळी फुफ्फुसात असली तरी आवाज येऊ शकतो. खूण बघायची, सिरिंजने हलकेच ओढून पोटातलं पाणी येतं का तेही बघायचं. खात्री झाल्याशिवाय थेंबही द्यायचा नाही.

पाठ किमान ३० अंश, जमलं तर ४५ अंश वर. ५० मिलिची सिरिंज, तिचा दांडा काढून टाकायचा. आधी ३० मिलि पाणी, मग फीड २०० मिलिच्या आसपास, आपोआप उतरू द्यायचं. पंधरा-वीस मिनिटं लागतात. घाई झाली की लोक दांडा लावून ढकलतात आणि उलटी होते. शेवटी परत ३० मिलि पाणी. त्यानंतर तासभर पेशंट तसाच उंच. मध्येच डायपर बदलायला सपाट झोपवलं की पोटातलं वर येतं, म्हणून डायपर, स्पंजिंग, कूस बदलणं, सगळं फीडच्या आधी उरका. खोकला, घुरघुर, ओठ निळे दिसले तर फीड जागीच बंद.

पेज, वरणाचं पाणी, ताक चालतं, पण मिक्सरमधून काढून बारीक गाळणीने दोनदा गाळलेलं, फोडणीशिवाय. जिऱ्याचा एक दाणा नळी बंद करतो. आणि नुसत्या पेजेवर माणूस जगवू नका, प्रथिनं किती लागतात ते आहारतज्ज्ञांकडून लिहून आणा. गोळ्या एकेक वेगळ्या कुटायच्या, पाण्यात पूर्ण विरघळवायच्या. नावापुढे एसआर, एक्सआर असलेल्या (म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या) किंवा आतड्यात विरघळणारं आवरण असलेल्या गोळ्या कुटायच्या नसतात, डॉक्टरांकडून पर्याय घ्या. फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर ते फीडसोबत दिल्यावर अंगात कमी उतरतं. मध्ये किती अंतर ठेवायचं ते विचारून घ्या.

ऑक्सिजन. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन, साधारण ३५० वॅट घेतो. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी नवी असेल आणि पंखे-दिवे बंद ठेवले तर तीनेक तास निघतात. बॅटरी तीन वर्षांची असेल तर गृहीत धरू नका, एकदा मेन स्विच पाडून घड्याळ लावून बघा. महावितरणचा देखभालीचा मेसेज आला की तो पूर्ण दिवसाचा धरायचा. सोसायटीचा जनरेटर बऱ्याच ठिकाणी फक्त लिफ्ट आणि जिन्यातले दिवे चालवतो. म्हणून ऑक्सिजनचा बी टाइप (मध्यम आकाराचा) सिलिंडर हवाच. त्यात साधारण १५०० लिटर असतो, म्हणजे मिनिटाला दोन लिटरने कागदावर बारा तास. रेग्युलेटर आणि चावी सिलिंडरलाच दोरीने बांधून ठेवा. ऐनवेळी सिलिंडर सापडतो, चावी सापडत नाही.

मशीन चालू आहे, प्रवाह दाखवणाऱ्या काचेच्या नळीतली गोळी दोनवर आहे, तरी पेशंटला दम लागतोय? ऑक्सिजनच्या नळीचं नाकात जाणारं टोक ग्लासभर पाण्यात धरा. बुडबुडे नसतील तर ह्युमिडिफायरच्या (ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या) बाटलीचं झाकण तिरकं बसलंय आणि हवा तिथूनच निसटतेय. बऱ्याचदा एवढंच असतं. बाटलीत डिस्टिल्ड वॉटर, रोज बदललेलं. मशीन भिंतीपासून फूटभर लांब, फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून. देवघर त्याच खोलीत असेल तर समई-उदबत्ती दुसरीकडे हलवा. नाक कोरडं पडलं म्हणून व्हॅसलिन लावू नका.

एक चूक मात्र फार महाग पडते. सीओपीडीच्या, म्हणजे फुफ्फुसाच्या जुनाट दम्यासारख्या आजाराच्या, पेशंटला ऑक्सिमीटरवर ९० दिसलं की घरचे घाबरून मशीनची गोळी पाचवर नेतात आणि ९८ झालं की सुस्कारा टाकतात. अशा पेशंटचं लक्ष्य साधारण ८८ ते ९२ असतं. जास्त ऑक्सिजनने त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, पेशंट गुंगीत जातो आणि घरच्यांना वाटतं, आता शांत झोप लागलीय. तुमच्या पेशंटसाठी आकडा कोणता, तो डॉक्टरांकडून लिहून घेऊन मशीनवर चिकटवा.

लघवीच्या नळीबद्दल थोडक्यात. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. दोन तृतीयांश भरली की रिकामी. नळीच्या कडेने लघवी झिरपते तेव्हा लोक जाड नळी टाकायला सांगतात. आधी नळी कुठे मुडपलीय का बघा, आणि पोट किती दिवसांत साफ झालं नाही ते आठवा. बद्धकोष्ठ हे नेहमीचं कारण. चार तास लघवी नाही आणि ओटीपोट टम्म, तर सकाळची वाट पाहू नका.

सलाइनमधून अँटिबायोटिक घरी द्यायचं असेल तर पहिला डोस हॉस्पिटलमध्येच, आणि पुढचे डोस नोंदणीकृत नर्सकडूनच, ॲड्रिनलिन (तीव्र ॲलर्जी आली तर द्यायचं इंजेक्शन) जवळ ठेवून.

आता माणसं. घरी माणसं पुरवणारे ब्यूरो ज्यांना ‘सिस्टर’ म्हणून पाठवतात त्यातल्या बऱ्याच जणी प्रशिक्षित नर्स नसतात, आया किंवा केअरटेकर असतात. त्यांचं काम मोलाचंच आहे, पण इंजेक्शन आणि नळ्या टाकणं त्यांचं काम नव्हे. नर्स म्हणून पैसे घेत असतील तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. आणि ‘चोवीस तासांची मावशी’ या कल्पनेचा हिशेब एकदा मांडा. दर दोन तासांनी म्हणजे दिवसाला बारा वेळा कूस. मावशी अकरा ते सहा झोपणार, झोपायलाच हवं तिने, म्हणजे रात्रीच्या तीन-चार पाळ्या कुणाच्या? घरातल्यांनी आपसात वाटून घ्या, नाहीतर बारा-बारा तासांच्या दोघी ठेवा. मावशीला जेवण, अंघोळ, आठवड्याची सुट्टी ठरवून द्या. महिन्यात चार बाया बदलल्या की पेशंटच्या सवयी कुणालाच माहीत राहत नाहीत.

डायपर आणि ड्रेसिंग कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई तो बघून वेगळं उचलतात. सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत, झाकण घट्ट लावून, नर्ससोबत परत पाठवा. ओल्या-सुक्यात टाकलेली सुई त्यांच्याच हातात घुसते.

शेवटचं बोलायला अवघड आहे, पण बोलतो. कॅन्सरचा किंवा बरा न होणारा आजार असेल तर वारजेच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर (वेदना-त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) सेंटरशी आधीच संपर्क करा, शेवटच्या आठवड्यात नव्हे. आणि मृत्यू घरी झाला तर डॉक्टरांचा ४-अ फॉर्म, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला, लागतो, हॉस्पिटलमधल्या मृत्यूसाठी वेगळा असतो. ज्या डॉक्टरने पेशंटला कधी पाहिलंच नाही तो रात्री दोनला येऊन सही करणार नाही, आणि त्याने करूही नये. म्हणून जिने चढून येणारा जवळचा एक फॅमिली डॉक्टर पहिल्याच आठवड्यात ठरवा, त्याला घरी बोलवून फी द्या, फाइल दाखवा, पुढेही नियमित बोलवत राहा. ४-अ त्याच्याकडे असतो का, हेही तेव्हाच विचारा. डॉक्टरांना त्या प्रश्नाचं नवल वाटत नाही.