एका दमात सोळा वेळा

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ट्रम्पेट शिकायला घेतलेल्या माणसाकडे सोसायटी कोणत्या नजरेने पाहते, हे मला आता ठाऊक आहे. लग्नसराईपुरता जोडधंदा असावा असे समजून दोघांनी तर वरातीचा दरही विचारला होता. त्या नजरेची सवय झाली, ओठांना माउथपीसचीही झाली, पण सरावाची पुस्तके निवडण्याची काही होईना. गाण्याच्या क्लासात गुरुजी पलटे सांगतात आणि शिष्य ते मुकाट्याने घोटतो. ट्रम्पेटचे पलटे मात्र छापील मिळतात, दीडशेहून अधिक वर्षे मिळत आहेत, आणि प्रत्येक पुस्तकाचे शास्त्र निराळे आहे.

पहिले घेतले ते अर्थातच आर्बनचे. पॅरिसच्या संगीतविद्यालयात शिकवणाऱ्या झाँ-बाप्टिस्ट आर्बन यांचा हा १८६४ सालचा ग्रंथ मुळात कॉर्नेट या ट्रम्पेटच्या आखूड भावंडासाठी लिहिलेला असला, तरी ट्रम्पेटवाले त्याला आपले बायबल मानतात. साडेतीनशेच्या घरातली पाने असलेला तो ठोकळा मी स्टँडवर ठेवला, तेव्हा स्टँडने आधी मान डोलावली आणि मग सावकाश टाकली. ग्रंथाच्या अखेरीस ‘कार्निव्हल ऑफ व्हेनिस’ ही सुरावट नटवून, फिरवून, वाजवणाऱ्याचा जीव घेईल अशा थाटात मांडलेली आहे. फुटलेला पेपर हाती लागावा तसे मी आधी तेच पान उघडले. पुढचे दोन दिवस मी चहा चमच्याने प्यायलो.

मग कळले की आर्बन हा सराव झाला. त्याआधी ओठ तापवायला वेगळे पुस्तक लागते. म्हणून जेम्स स्टॅम्प आणले. यांच्याकडे सुरुवातीला ट्रम्पेटला हातच लावायचा नसतो. आधी नुसते ओठ थरथरवायचे, मग नुसता माउथपीस, मग वाद्य, आणि मग वाद्याच्या नेहमीच्या आवाक्यात नसलेल्या खोल स्वरांत उतरायचे. आपल्याकडच्या खर्जसाधनेचा हा मावसभाऊच म्हणायचा, फक्त तिचे गांभीर्य याच्याकडे नाही. सूर चढताना मनाने खाली जावे आणि उतरताना वर, अशीही शिकवण आहे. तिचे पालन करताना मी मध्येच कुठेतरी उभा राहतो. पहाटे सहाला माउथपीस वाजू लागला, तेव्हा पत्नीने आधी मिक्सर तपासला आणि मग भुंगा शिरला म्हणून सगळ्या खिडक्या उघडल्या. त्यामुळे तो आवाज समोरच्या इमारतीलाही मिळाला.

पुढचे पुस्तक कार्माइन करूसो यांचे. त्यांचा हुकूम असा की पायाने ठेका धरावा, श्वास नाकाने घ्यावा, फुंक एकसारखी ठेवावी आणि माउथपीस ओठांवरून हलवू नये. चारही गोष्टी एकदम करणाऱ्या माणसाचा चेहरा आरशात पाहू नये, हा पाचवा नियम माझा. ठेक्याबद्दल खालच्या मजल्यावरून चिठ्ठी आली. क्लॉड गॉर्डन यांनी बावन्न आठवड्यांचे वेळापत्रकच आखून दिले आहे. पण त्यांचे धडे मध्येच क्लार्क या आणखी एका गुरूंचे अमुक वाजवा, आर्बनचे तमुक वाजवा असे सांगतात. ‘गोडा मसाला घालावा’ असे पाककृतीने म्हणावे आणि मसाल्याची कृती दुसऱ्या खंडात असावी, तसे हे आहे. मी तो खंडही मागवला.

सोसायटीने मला संध्याकाळी सहा ते सात ही वेळ दिली आहे. सर्व गुरूंचा मान राखून तापवणे सहा पन्नासला संपे. तोवर ओठांची इडली झालेली असे, आणि आर्बन उघडून फुंकावे तर सायकल पंक्चर झाल्यासारखा आवाज निघे.

कॅम्पातले माझे सर मूळचे गोव्याचे. चर्चच्या शाळेत वाद्य हाती मिळण्याआधी सोल्फेजो, म्हणजे दो-रे-मी अशी स्वरनावे, म्हणून घसा कोरडा केलेली ही पिढी. त्यांनी माझी पिशवी उचलून पाहिली, खाली ठेवली आणि म्हणाले, “अरे बाबा, ही सगळी इथे राहू दे. उद्या येताना फक्त तोंड घेऊन ये.” दुसऱ्या दिवशी त्यांनी हर्बर्ट क्लार्क यांचे १९१२ सालचे पुस्तक तेवढे परत दिले आणि पहिल्या पाठावर पेन्सिलीने खूण केली. “हे. दिवाळीपर्यंत.”

तो पाठ दिसायला अगदी गरीब आहे. तिन्ही पिस्टन, म्हणजे बोटांखालच्या कळा, दाबून निघणाऱ्या सर्वांत खालच्या स्वरापासून अर्ध्या अर्ध्या स्वराने चढायचे आणि उतरायचे, तेही अगदी हळू आवाजात. मेख अशी की एका दमात हे आठ वेळा, पुढे सोळा वेळा करायचे. पाचव्या फेरीला माझे कान तापतात, सातव्या फेरीला चष्मा धुरकटतो, आणि नवव्या फेरीला जो काही दमसास उरतो, त्यावर उदबत्तीही विझणार नाही. तरीही श्रावण, भाद्रपद मी ते एकच पान घोटले, आणि पुस्तकांच्या दुकानाकडे जाणारी बस मुद्दाम सोडली.

गेल्या आठवड्यात जिन्यात शेजारचे आजोबा भेटले. निवृत्तीनंतर ते कुंड्यांना पाणी घालताना अभंग गुणगुणतात. त्या दिवशी क्लार्क गुणगुणत होते, आणि माझ्यापेक्षा सुरात. मी खजील होऊन क्षमा मागितली.

“छे हो,” ते म्हणाले, “काल तेरापर्यंत गेलात, मी मोजत होतो. पण आता हे माझे पाठ झाले. दुसऱ्या एखाद्या पुस्तकातले काही आणता का?”