पडद्यावरचं वावर

विदर्भावरचा सिनेमा आला की गावाकडून फोनवर हमखास एक तक्रार येते: आत्महत्या, वाघ नाहीतर नक्षलवादी, याशिवाय आमच्याकडे काही नाहीच का? आमच्या पांढरकवडा भागातली पोरं याला सरळ बदनामी म्हणतात. मी राहतो आयोवात, मका आणि सोयाबीनच्या मुलखात. मला हे बदनामीचं म्हणणं पटत नाही.

१९८४ साली अमेरिकेत संकटातल्या शेतकरी कुटुंबांवर तीन मोठे सिनेमे आले. त्यातला 'कंट्री' आयोवातच घडतो. सरकारी कर्ज थकलंय, जप्ती दारात आलीय, नवरा खचलाय आणि जेसिका लँग घर सावरून धरते. पुढच्या वर्षी त्या तीन सिनेमांतल्या दोन नायिका, लँग आणि सिसी स्पेसेक, जेन फोंडासोबत वॉशिंग्टनला गेल्या आणि तिथल्या लोकप्रतिनिधींसमोर शेतकऱ्यांच्या बाजूने बोलल्या. दुःख पडद्यावर आलं म्हणून आयोवाची मान खाली गेली, असं मला इथे कधी जाणवलं नाही.

आपल्याकडे त्या तोडीचा सिनेमा आहे, सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९). शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिलाय, आणि आपला नवराही तसंच काही करील या धास्तीने अलका पोराला बापाच्या मागे मागे पाठवते. सोनाली कुलकर्णीच्या डोळ्यांतली ती धास्ती मी आमच्याकडच्या कितीतरी बायांच्या डोळ्यांत पाहिली आहे. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की या सिनेमात माणसं वावरात राबतात. पेरतात, आभाळाकडे बघतात, बी वाया गेलं की पुन्हा पैशाची जुळवाजुळव करतात. दुबार पेरणी म्हणजे काय, हे मुंबईच्या माणसाला यातून कळेल. शिवाय इथे वऱ्हाडी बोलणारी माणसं हसवायला आणलेली नाहीत. गावाकडची दुसरी तक्रार, आपली बोली फक्त विनोदाला वापरतात ही, शंभर टक्के खरी आहे. त्या रागात मी त्यांच्यासोबत आहे.

'पीपली लाइव्ह' (२०१०) मला त्यामानाने कमी भिडला. चॅनेलवाल्यांची झुंबड अगदी चोख पकडली आहे, पण आत्महत्येच्या घोषणेने बातमी झालेल्या नत्था या शेतकऱ्याचं शेत बघायला मी शेवटपर्यंत वाट पाहिली. 'शेरनी' (२०२१) चित्रित झाला मध्य प्रदेशात, तरी आमच्या तालुक्यांत कोणालाही तो बघताना नरभक्षक ठरवलेली वाघीण अवनीच आठवेल. २०१८ च्या नोव्हेंबरात तिला मारलं, त्याआधी कित्येक महिने राळेगाव-पांढरकवड्याकडची माणसं कापूस वेचायला जाताना जीव मुठीत धरत होती. सिनेमा वनखात्याला छान ओळखतो, वेचणीला निघालेल्या बाईला तेवढा ओळखत नाही.

नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांच्या फुटबॉल संघावरचा नागराज मंजुळेंचा 'झुंड' (२०२२) लांबलाय, हे मान्य. पण ज्या भागाला लोक रटाळ म्हणतात, तोच मला सगळ्यात जास्त लागला. रिंकू राजगुरूच्या मोनिकाचा बाप पोरीच्या पासपोर्टसाठी ओळखीचा पुरावा मिळवायला वणवण फिरतो. पासपोर्टच्या जोरावर सातासमुद्रापार आलेल्या प्रत्येकाने तेवढा भाग तरी बघावाच.

परदेशी सिनेमांत माझ्या सगळ्यात जवळचा 'मिनारी' (२०२०). कोरियन कुटुंब आर्कान्सामध्ये शेती करायला येतं. बाप पाणाड्याला पैसे द्यायला तयार नाही, स्वतःच्या डोक्याने विहीर खणतो, पुढे ती आटते. बोअर कोरडी गेल्यावर घरात पसरणारा अबोला आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. 'द स्ट्रेट स्टोरी' (१९९९) मधला म्हातारा आजारी भावाला भेटायला आयोवाहून विस्कॉन्सिनला जातो, तोही गवत कापायच्या यंत्रावर बसून. दोघांत वर्षानुवर्षं बोलणं नाही. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या वादातून सख्खे भाऊ तुटलेली घरं आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांना हा सिनेमा दाखवावा असं मला फार वाटतं.

मराठी सिनेमा तालुक्याला लागतच नाही, आणि लागला तरी बघणार कोण, असंही गावाकडे म्हणतात. पण पूर्व विदर्भात झाडीपट्टीची नाटकं दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र चालतात. वडसा हे त्यांचं केंद्र, आणि लोक तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतात. प्रेक्षक आहे. त्याच्यापर्यंत सिनेमा नेणारा नाही, आणि माझा खरा राग त्यावर आहे.

म्हणून गावच्या पोरांना मी एवढंच कळवलंय: येत्या तान्ह्या पोळ्याला शाळेच्या पटांगणात पडदा लावायचं चाललंय, तर पहिल्या रात्री 'गाभ्रीचा पाऊस' लावा, रीतसर परवानगी काढून. खर्च मी पाठवतो. दुसऱ्या रात्री 'मिनारी', आणि बाजूला माईक घेऊन कोणीतरी वऱ्हाडीत सांगत राहा. बायांना पुढे बसवा. बदनामी झाली की नाही, ते आधी त्यांना विचारा.