लाल दिसली म्हणून आखाड्याची माती होत नाही

एप्रिलमध्ये लाल क्ले कोर्टवरची मॉन्टे कार्लोची टेनिस स्पर्धा सुरू झाली की आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांत एक मजकूर हमखास फिरतो. यंदा मला तो चार गटांतून आला, त्यातल्या दोन गटांत पाठवणारे काका एकच. मजकूर थोडक्यात असा: ‘क्ले कोर्ट म्हणजे आपल्या आखाड्याचीच लाल माती, गोऱ्यांनी उचललेली. तिथे कौशल्य लागत नाही, पाच-पाच तास नुसता दम काढायचा. मातीवरचे राजे बाहेर शून्य. चेंडूचा ठसा उमटतो, त्यामुळे तिथे निर्णय चुकूच शकत नाही. आणि आपल्या माणसाला तिथे कधी काही जमलं नाही.’ खाली हात जोडलेले आणि ‘पुढे पाठवा’.

वडीलधाऱ्यांशी गटात वाद घालणं बरं दिसत नाही. सकाळी पोहे-जिलबी खाताना काका भेटले, तेव्हा विषय काढला.

“काका, जुलैत तुमच्या सांवेरच्या शेतात चपला घालून शिरता का?”

काका हसले. माळव्याची काळी माती त्यांना मी काय सांगणार? पावसात ती फुगते, पायाला धरून बसते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. क्ले कोर्ट खरंच मातीचं असतं तर एका सरीनंतर तिथे भात लावावा लागला असता. फ्रेंच ओपन जिथे होते, त्या पॅरिसच्या रोलाँ गारोसचं कोर्ट उभं कापून पाहिलं, तर वरचा लाल थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा निघेल, आणि तो विटांचा चुरा. जुन्या बांधकामात चुन्यात मिसळायचे ती सुरखीच म्हणा. त्याखाली चुनखडीचा कुटलेला थर, मग जळक्या कोळशाची खडी, मग दगडगोटे. म्हणूनच तिथे पाणी मुरतं.

आखाड्याचा हौदा याच्या अगदी उलट. माझे आजोबा तालमीत जायचे. तिथली माती रोज खणायची, तीत तेल, ताक, हळद घालायची, कारण तिच्यावर माणूस पडणार. टेनिसचं कोर्ट दाबून टणक करावं लागतं, कारण त्यावरून चेंडू उसळायला हवा. दोन्हींत सारखा आहे तो फक्त रंग. तो तिथे कसा आला याची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट १८८० ची आहे. रेनशॉ या इंग्रज टेनिसपटू भावांची फ्रान्सच्या कान शहरातल्या कोर्टाची हिरवळ उन्हाने करपायला लागली. तेव्हा त्यांनी जवळच्या व्हालोरी गावातल्या फुटक्या मातीच्या भांड्यांची भुकटी तिच्यावर पसरली. उचललंच असेल, तर कुंभाराकडून.

कौशल्याच्या मुद्द्यावर काका अडून बसले. “फेडररसारखा कलावंत मॉन्टे कार्लोला कधी जिंकला का? मग?”

तिथे तो जिंकला नाही, हे खरं. पण चार वेळा अंतिम फेरीत हरला, म्हणजे चार वेळा तिथवर पोहोचला. त्यातल्या २०१४ च्या सामन्यात त्याला हरवणारा वावरिंकाही त्याच्यासारखाच एकहाती बॅकहँडवाला, म्हणजे उलट्या बाजूचा फटका एका हाताने मारणारा. मातीवर लागोपाठ ८१ सामने जिंकलेल्या नदालची ती मालिका २००७ मध्ये हँबर्गच्या मातीवर तोडली कोणी? फेडररनेच.

हा चुरा चेंडूला घासतो, पुढचा वेग खातो आणि चेंडू वर उसळवतो. त्यामुळे सपाट, जोरकस सर्व्हिसवर आयते मिळणारे गुण इथे कमी होतात आणि खेळाडूला डोकं चालवावं लागतं. चेंडूला इतकी फिरकी द्यायची की तो समोरच्याच्या खांद्याशी यावा, त्याला मागे रेटायचं, आणि मग नेटशी अलगद टाकायचा. शिवाय घसरत जायचं ते असं की पाय थांबायला आणि रॅकेट चेंडूला लागायला एकच गाठ पडावी. दम लागतोच, पण एवढं सगळं नुसत्या दमावर होत नाही.

आणि पाच तास कुठले? मॉन्टे कार्लोत एकेरीचा सामना तीन सेटांचा असतो. टेनिसमधला सर्वांत लांबलेला सामना तर गवतावरचा: २०१० च्या विम्बल्डनमध्ये इस्नर आणि माहू तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटं खेळले.

मातीवरच्या राजांबद्दल मजकुरात थोडं तथ्य आहे. ऑस्ट्रियाच्या थॉमस मुस्टरच्या ४४ विजेतेपदांपैकी ४० मातीवरची, आणि विम्बल्डनमध्ये त्याला एकही सामना जिंकता आला नाही. पण हाच मुस्टर १९९७ मध्ये मायामीला हार्ड कोर्टवर, म्हणजे सिमेंटसारख्या कडक कोर्टवर जिंकला. स्वीडनचा बोर्ग पॅरिसमध्ये मातीवर सहा वेळा जिंकला आणि विम्बल्डनला ओळीने पाच वेळा. नदालने मॉन्टे कार्लो ११ वेळा जिंकलं, त्यातली आठ वर्षं सलग. तोच विम्बल्डनला दोनदा, ऑस्ट्रेलियात दोनदा आणि अमेरिकेत चारदा विजेता. याला शून्य म्हणायचं तर आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना बोलवावं लागेल.

ठशाचं लवकर आटपू. पुरुषांच्या एटीपी दौऱ्यावर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, २०२५ पासून मातीवरही चेंडू रेषेच्या आत की बाहेर हा निर्णय यंत्र देतं. त्याच वर्षी माद्रिदला जर्मनीच्या झ्वेरेवला यंत्राचा निर्णय पटला नाही, म्हणून त्याने ठशाचा फोनवर फोटो काढला आणि पंचांची ताकीद ओढवून घेतली. ठसा आहे तिथे वाद नाही, असं त्याला तरी सांगू नका.

राहिला आपला माणूस. काका २०१४ मध्ये इंदूर टेनिस क्लबवर देशादेशांतला डेव्हिस कप बघायला गेले होते, चायनीज तैपेईला भारताने ५-० हरवलं तेव्हा, म्हणून त्यांना विचारलं, सुमित नागल आठवतो का? तो २०२४ मध्ये मॉन्टे कार्लोत पात्रता फेरी खेळून मुख्य फेरीत आला आणि इटलीच्या आर्नाल्दीला हरवून गेला. मातीवरच्या मास्टर्स, म्हणजे ग्रँड स्लॅमखालोखालच्या, स्पर्धेत एकेरीच्या मुख्य फेरीतला सामना जिंकणारा तो पहिला भारतीय. पुढच्या फेरीत डेन्मार्कच्या रूनेकडून हरला, पण एक सेट घेऊन. रोहन बोपण्णाने तर २०१७ मध्ये उरुग्वेच्या क्वेव्हासबरोबर तिथली दुहेरी जिंकलीच होती. आणि भारतीयाने जिंकलेलं पहिलं ग्रँड स्लॅम विजेतेपद कुठलं? १९९७ ची पॅरिसची मिश्र दुहेरी, महेश भूपती आणि जपानची रिका हिराकी. याच विटांच्या चुऱ्यावर. एकेरीत आपली झोळी हलकी आहे, पण ती गवतावर आणि हार्ड कोर्टवर तरी कुठे भरून वाहतेय?

“बरं भिया, कळलं,” म्हणत काकांनी जिलबीचे पैसे दिले.

संध्याकाळी मजकूर पुन्हा आला, काकांकडूनच. आखाड्याचं वाक्य गाळलेलं होतं. बाकी सगळं जसंच्या तसं, जोडलेल्या हातांसकट.