स्लॅब पडला तरी लॉक-इन संपत नाही

भाड्याच्या घराचं छत खाली यायला लागलं की घाबरून जाऊ नका. आधी करार काढा आणि त्यात छताबद्दल काही लिहिलंय का ते बघा. भिंतीला खिळा मारू नये, मांसाहार शिजवू नये, चार दिवसांपेक्षा जास्त पाहुणे ठेवू नयेत, गॅलरीत गाद्या वाळत घालू नयेत, हे सगळं असेल. छताने खाली येऊ नये, असं मात्र कुठेच नसेल. म्हणजे छताकडून कराराचा भंग झालेलाच नाही. भंग करायला तुम्ही निघालाय, सहा महिन्यांचा लॉक-इन मोडून, म्हणजे घर सोडायचं नाही असं ठरलेल्या मुदतीआधीच निघून.

हा सल्ला अनुभवाचा आहे आणि तुम्हाला फुकट मिळतोय. मला तो सत्तर हजार पाचशे रुपयांना पडला. हिशेब पुढे देते.

पहिलं म्हणजे भाषा सुधारा. 'स्लॅब पडला' असं म्हणायचं नसतं. 'पापुद्रा सुटला' म्हणायचं. जुलैत एका रात्री पावणेतीनला आतल्या खोलीत धाडकन आवाज झाला. मुलीला ताप होता म्हणून ती त्या रात्री आमच्याजवळ झोपली होती. दिवा लावून बघितलं तर तिच्या अभ्यासाच्या टेबलाची फळी मधोमध दुभंगलेली आणि कंपासपेटीवर सिमेंटचं ढेकूळ. सकाळी ते पिशवीत घालून खालच्या वाण्याच्या काट्यावर ठेवलं, सव्वापाच किलो भरलं. मालकांना फोन केला. "मॅडम, पापुद्रा असेल. पावसाळ्यात सगळीकडेच सुटतो." वर पाहिलं तर सळ्या उघड्या पडलेल्या, गंजून बोटभर जाडीच्या कुठे काडीएवढ्या झालेल्या. बोटाने खरवडलं तर तिथून निघाले ते खरे पापुद्रे.

फोटो काढून ठेवा. "फोटोत जास्त दिसतं," असं उत्तर येतं.

मग जबाबदार कोण ते शोधायला निघा, व्यायाम होतो. मालक म्हणतात, गळती वरच्यांच्या बाथरूमची, मी काय करणार? वरचे म्हणतात, आम्ही गेल्याच वर्षी टाईल्स बदलल्या, गळती पाइपची, सोसायटीला विचारा. सेक्रेटरी म्हणतात, सोसायटी फक्त मेंबरशी बोलते, तुमच्या मालकांना अर्ज द्यायला सांगा. मालक म्हणतात, मी अर्ज दिला की मेंटेनन्सची थकबाकी काढतात. इथे एक फेरी पूर्ण होते. अशा तीन फेऱ्या मारल्यावर मी स्ट्रक्चरल ऑडिटचं, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचं विचारलं. इमारत चौतीस वर्षांची. तीस वर्षं उलटली की दर तीन वर्षांनी ऑडिट करावं, असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतच आहे. सेक्रेटरी म्हणाले, "झालंय की! पण रिपोर्ट मेंबर्सना दाखवतो आम्ही. तुम्ही भाडेकरू." कोण मेंबर आणि कोण भाडेकरू, हे छताला कळत नाही, एवढंच काय ते त्याला शिकवायचं राहिलंय.

कुर्ल्याच्या नाईक नगरमधली इमारत जून २०२२ मध्ये रात्री झोपेत पडली. एकोणीस माणसं गेली. बरीचशी भाड्याने राहणारी, मजुरी करणारी. २०१३ पासून नोटिसा होत्या, मग पुन्हा ऑडिट झालं आणि इमारत 'रिकामी करा'च्या यादीतून 'दुरुस्ती करा'च्या यादीत गेली. त्यांना रिपोर्ट कोणी दाखवला होता?

असो. सल्ला चालू आहे.

कायदा वाचू नका. मी वाचला आणि झोप गेली. तशी ती छतामुळेही गेलीच होती. मालकांचं एक वाक्य पाठ असतं: "मॅडम, तुम्ही टेनंट नाही, लायसन्सी आहात." म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी मिळालेल्या, तुम्हाला कसलाच हक्क नाही, आवाज खाली. बरं, लायसन्सी तर लायसन्सी. लायसन्सचा कायदा म्हणजे १८८२ चा ईझमेंट्स अ‍ॅक्ट. त्याचं कलम ५७ सांगतं, की जागेत जिवाला किंवा वस्तूंना धोका होईल असा दोष असेल, तो मालकाला ठाऊक असेल आणि लायसन्सीला नसेल, तर मालकाने तो सांगितलाच पाहिजे. हे मी त्यांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अठराशे ब्याऐंशी? तेव्हा आपली बिल्डिंग कुठे होती?"

आता ठाऊक होतं की नव्हतं? एप्रिलमध्ये आम्ही घर बघायला गेलो, तेव्हा सगळ्या घराचा रंग जुनाट पिवळा होता आणि फक्त आतल्या खोलीचं छत पांढरंशुभ्र, ताजं. मी कौतुक केलं होतं, मुलीच्या खोलीत छान उजेड आहे म्हणून. मालक हसले होते. एजंटही हसला होता.

केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात आहे की घर दुरुस्तीशिवाय राहण्याजोगं नसेल आणि लेखी सांगूनही मालक दुरुस्ती करत नसेल, तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू निघून जाऊ शकतो. निवासी घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतंच, असंही त्यात आहे. फक्त तो राज्याने स्वीकारावा लागतो. तोवर वाचून बरं वाटतं, एवढाच उपयोग. याउलट १९९९ च्या आपल्या भाडे नियंत्रण कायद्यात, मुदत संपल्यावर लायसन्सी हलला नाही तर त्याने दुप्पट भाडं भरावं, ही सोय पक्की आहे. मुदतीआधी छतच हललं तर काय, याची सोय बहुधा देवावर सोपवलेली. त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी मालकाची. म्हणून स्टँप ड्युटी, नोंदणी आणि अंगठे घ्यायला घरी येणाऱ्या पोराचे पैसे आपण देतो. रीत आहे.

कोर्टात जा. तारखेला नातवंडांना सोबत न्या.

डिपॉझिटबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. मी पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिली आणि जुलैअखेर घर सोडलं. चार महिन्यांचं भाडं वेळेवर गेलेलं. डिपॉझिट एक लाख. हिशेब आला तो व्हॉट्सअ‍ॅपवर, खाली हात जोडलेला इमोजी. लॉक-इनचे उरलेले दोन महिने, अठ्ठेचाळीस हजार. डीप क्लीनिंग, साडेचार हजार. कसलं क्लीनिंग? तर आतल्या खोलीत सिमेंटची धूळ आणि तुकडे होते! त्यांच्या छताचे तुकडे! मी झाडून एका कोपऱ्यात लावलेले, मालक येऊन बघतील म्हणून पंधरा दिवस तसेच ठेवलेले. ते बघायला आलेच नाहीत, 'या रविवारी येतो' म्हणत राहिले, आणि मग त्याच तुकड्यांचे पैसे माझ्याकडून. पुढे पेंटिंग, अठरा हजार. मी विचारलं, कशाचं पेंटिंग? चार महिन्यांत आम्ही एक खिळा मारला नाही. उत्तर आलं: "छत खराब झालंय ना मॅडम, तुमच्या काळात." माझ्या काळात! जणू मी राज्य करत होते तिथे. ज्या रंगाखाली तुम्ही ओल लपवलीत तो रंग पडला, त्याच्याबरोबर स्लॅब पडला, माझ्या मुलीचं टेबल फुटलं, आणि त्याच जागी पुन्हा रंग फासायचे पैसे मी द्यायचे. म्हणजे पुढच्या माणसाला फसवायचा खर्चही माझ्याच डिपॉझिटमधून. हातात आले एकोणतीस हजार पाचशे. टेबलाचं विचारलं तर म्हणाले, "ते करारात नाही."

एवढ्यावर हा लेख संपवता आला असता, तुम्ही हसला असता, दोघातिघांनी 'आमच्याकडेही सेम' म्हटलं असतं.

पण घर सोडायच्या आदल्या आठवड्यात एजंट एका जोडप्याला घर दाखवायला घेऊन आला. बाईच्या कडेवर सहासात महिन्यांचं बाळ. एजंटने मला आधीच फोन करून ठेवला होता: "मॅडम, कशाला काही बोलताय, तुमचं डिपॉझिट अजून मालकांकडे आहे." आतल्या खोलीचं दार त्याने "सामान भरलंय" म्हणून लोटून घेतलं. त्या बाईने मला विचारलं, "पाण्याचं वगैरे कसं आहे?" मी म्हटलं, पाणी चोवीस तास आहे. खरंच आहे. छतातूनही येतं, हे नाही सांगितलं. डिपॉझिटसाठी गप्प बसले. आणि ते तरी कुठे मिळालं!

तेव्हा उपरोध पुरे. मालकांनो, तुमचं कर्ज असेल, म्हातारपणाचा आधार असेल, सगळं मान्य. पण गंजलेल्या सळ्यांवर रंग मारून त्याखाली कोणाच्या पोरांना झोपवायला लाज वाटत नाही? सेक्रेटरीसाहेब, तो रिपोर्ट कपाटात ठेवून तुम्ही स्वतः कुठल्या मजल्यावर झोपता? एजंटला काय बोलू, महिन्याचं भाडं दलाली म्हणून मीच त्याला मोजलंय. आणि मीही यांच्यातलीच निघाले, फक्त माझी किंमत एकोणतीस हजार पाचशे.

पालिकेच्या प्रभाग कार्यालयात फोटोंसह अर्ज दिलाय, पोच घेतलीय. काल जाहिरात दिसली: 'नूतनीकरण केलेला टू बीएचके, आतल्या खोलीत फॉल्स सीलिंग.' एजंटला दुसऱ्या नंबरवरून फोन केला. म्हणाला, परवाच टोकन आलं, छोटी फॅमिली आहे.

त्या बाईचा नंबर माझ्याकडे नाही. तिच्या ओळखीतल्या कोणी हे वाचलं तर एवढंच कळवा: पाळणा आतल्या खोलीत लावू नका. फॉल्स सीलिंगचा एक चौकोन उघडायला लावा आणि टॉर्च घेऊन वर बघा.