कडी-कोयंडा

कोल्हापुरातल्या नव्या घरातली पहिली सकाळ. साडेपाचला स्वयंपाकघरात भांडं वाजलं. बायको शेजारी झोपलेली, पोरगं हॉस्टेलला, आई थोरल्याकडं शिवाजी पेठेत. म्हणजे भांडं वाजवायला घरात माणूसच शिल्लक नव्हता. हातात चप्पल घेऊन गेलो, तर ओट्यापाशी एक गृहस्थ आमच्याच पातेल्यात शांतपणे दूध ओतत होते.

"उठलासा व्हय?" त्यांनीच मला विचारलं. "झोपा की. किल्ली हाय माझ्याकडं. आधीच्या सायबांनी दिलती. म्हटलं, कशाला उठवायचं."

खरेदीखताच्या दिवशी आधीच्या मालकांनी चार किल्ल्या मोजून माझ्या हातात ठेवल्या होत्या. ही पाचवी. सहावी दुपारी इस्त्रीवाल्याकडं सापडली. सातवी निघायच्या आत कुलूप बदलायचं, असं मी ठरवलं आणि आमच्या घराला सुरक्षेचं ग्रहण लागलं.

पेठेतल्या वाड्यात हा विषयच नव्हता. रात्री दाराला लाकडी आडणा लावायचा, तोही शेवटी येणाऱ्यानं, आणि शेवटी कोण आलं यावर सकाळी भांडण. चोर शिरलाच असता तर सोप्यात झोपलेली अकरा माणसं ओलांडून त्याला आत जावं लागलं असतं. त्यातले दोघे तालमीतले. इथं कळंब्यात रो हाउस. माणसं दोन आणि खिडक्या नऊ.

घर कळंबा जेलपासून फार लांब नाही. एजंटनं हे "बंदोबस्ताचा एरिया" म्हणून खपवलं होतं. ऑफिसातला मित्र म्हणाला, "भावा, सुटलेला माणूस पहिल्यांदा कुठनं चालत जाणार?" मला रात्रभर झोप नाही. आईला सांगितलं, तर तिचं तिसरंच. "अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळल्यात त्या जेलातल्या माणसांनी. ती कशाला येत्यात तुझ्याकडं? आणि येऊन नेणार काय, हप्त्याचं पासबुक?"

लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि माझी भीती नेमकी किती रुपयांची आहे ते ओळखलं. पाच लिव्हर, सात लिव्हर, नऊ लिव्हर अशी कुलपं त्यानं काउंटरवर मांडली. आतली प्रत्येक पट्टी किल्लीनं आपापल्या उंचीला उचलल्याशिवाय कुलूप हलत नाही, हे त्यानं इतकं रंगवून सांगितलं की मी नऊ लिव्हरचं घेतलं. शिवाय दाराच्या पोटात बसणारं मॉर्टाइज लॉक, वर नाईट लॅच, खाली टॉवर बोल्ट आणि बाहेर बघायला मॅजिक आय. पिशवी उचलताना हाताला रग लागली.

सुतारमिस्त्री आले. कुलूप हातात घेऊन तोललं, बाजूला ठेवलं आणि तंबाखू मळत बसले.

"पेपर वाचतासा न्हवं? काय छापून येतंय त्यात?"

मला पाठ होतं. "अज्ञात चोरट्यांनी बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून..."

"हां. कडी-कोयंडा. कुलपाचं नाव हाय का त्यात?"

वीस वर्षं मी ती बातमी वाचतोय. पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मिस्त्रींनी जुना कोयंडा दाखवला. पाऊण इंची चार स्क्रू, त्यातला एक नुसता शोभेला. पटाशी मागं घालून त्यांनी मनगट जरासं फिरवलं. कर्र असा आवाज झाला आणि कोयंडा लाकडाच्या चार ढलप्यांसकट हातात आला. "आता तुमचं नऊ लिव्हर ह्याच्यात घाला. चोर दोन्ही मिळून घेऊन जातंय, कुलपाला ओरखडा न पाडता." मग त्यांनी कोयंड्याला दाराच्या आरपार जाणारे बोल्ट घातले, आतून नट आवळले आणि चौकटीचे स्क्रू काढून लांबचे मारले. वर सल्ला दिला की बाहेरून कुलूप शक्यतो लोंबकळत ठेवूच नका. रस्त्यावरनं जाणाऱ्याला ती 'घरी कोणी नाही' अशी पाटीच दिसते. म्हणजे नऊ लिव्हरवाल्याचं आता करायचं काय? ते सध्या तांदळाच्या डब्यावर आहे. मुंग्या लागल्या नाहीत.

ग्रिलसाठी उद्यमनगर. तिथं ग्रिल किलोवर मिळतं हे मला ठाऊक नव्हतं. 2019 साली मटणाच्या दरासाठी आंदोलन केलेलं हे शहर, पण ग्रिलच्या दराबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. फॅब्रिकेटर म्हणाला, "बारा एमएमचा चौकोनी बार घ्या, हत्ती अडंल." पुढच्या खिडक्यांचं वजन झालं आणि माझे पैसे संपले. बाजूच्या खिडक्या राहिल्या. त्या काय, स्लायडिंगच्या. आतून खटका दाबला की बंद. हलवून बघितल्या. सरकत नव्हत्या.

कॅमेराही बसवला. त्याविषयी एवढंच सांगतो की पहिल्या रात्री त्यानं मोबाइलवर मला एकोणचाळीस वेळा उठवलं आणि एकोणचाळीसही वेळा पपईचं पान हलत होतं.

राहिली बायको. तिला मी नियम घालून दिले. रात्री दहानंतर बेल वाजली तर दार उघडायचं नाही. ओळखीचा आवाज आला तरी नाही. हल्ली आवाजही काढतात. आणि घरात पुरुषमाणूस आहे असं ठणकावून सांगायचं.

"बरं," ती म्हणाली. "मी ध्यानात ठेवतो." आमच्या कोल्हापूरच्या बायकांनी 'मी ठेवतो' म्हटलं की ते ठेवतातच.

पुढच्या रविवारी पाहुण्यांना घेऊन पन्हाळ्यावर गेलो. तीन दरवाजात उभा राहून मी सवयीनं त्यांना सांगत होतो, की 1673 साली कोंडाजी फर्जंदांनी अवघ्या साठ माणसांनिशी रात्रीचा हा गड घेतला. सांगता सांगता जीभ अडखळली. एकावर एक असे हे दरवाजे, आणि ती माणसं आली कुठनं? कडा चढून. दाराकडं कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

त्याच रात्री, साडेदहाला, आपल्या घरावर आपणच एकदा चालून बघायचं मी ठरवलं. बायको झोपली होती. दिवे मालवले, मोबाइल चार्जिंगला ठेवला, थंडी म्हणून माकडटोपी घातली आणि बाहेर आलो. नाईट लॅच मागं आपसूक लागलं. किल्ली आत. तो विचार मनात यायच्या आत मी कंपाउंडच्या भिंतीवर एक पाय टाकला होता.

"कोण हाय रं तिकडं?" डोळ्यांवर बॅटरी.

"मी."

"मी कोण?"

"मालक. ह्या घराचा."

"मालक आत झोपल्यात. आत्ता लाईट बंद केलेली बघितली मी."

शेजारचे आण्णा. एस.टी.च्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. पाच मिनिटांत कोपऱ्यावर कॅरम खेळणारी पोरंही आली आणि दोघांनी मला दंडाला धरलं. पुरावा मागितला. लाइटबिल अजून आधीच्या मालकांच्या नावावर. आधारवर पत्ता शिवाजी पेठेचा. खरेदीखत बँकेत. दारावर नावाची पाटी नाही. नाव वाचून चोर फोन नंबर शोधतात असं कुणीतरी सांगितल्यामुळं मीच लावू दिली नव्हती.

"बायको आहे आत. तिला विचारा," मी म्हटलं.

बेल वाजवली. बऱ्याच वेळानं पावलं आली, मॅजिक आयमागचा उजेड झाकला गेला.

"अगं, मी आहे. दार उघड."

आतून ठणठणीत आवाज आला, "आमचे हे आत झोपल्यात. उठवू काय?"

पोरांची पकड घट्ट झाली. मी टोपी काढली, तिच्या माहेरच्या माणसांची नावं ओळीनं सांगितली, नऊ लिव्हरचं कुलूप कुठं आहे तेही सांगितलं. शेवटच्यावर आण्णा विरघळले. तांदळाच्या डब्याला कुलूप घालणारा माणूस चोर असू शकत नाही, म्हणाले.

ते मला बाजूच्या खिडकीपाशी घेऊन गेले. "तीस वर्षं येष्टीला खिडक्या बसवल्यात मी." दोन्ही तळवे काचेवर टेकवून त्यांनी आख्खी झडप खटक्यासकट वर उचलली, खालची कड रुळातून बाहेर ओढली आणि काढून माझ्या हातात दिली.

"धरा. वरच्या पट्टीत एक स्क्रू मारायचा, मग उचलत न्हाई. दोन रुपयं लागत्यात."

"आधी सांगायचं की, आण्णा."

"आदी वळख कुठं हुती?"

काच एका पोराकडं दिली, दुसऱ्यानं मला खालून ढकललं. मी हॉलमध्ये उतरलो. समोर बायको, माझ्याकडं पाठ, डोळा मॅजिक आयला लावलेला, एक हात कमरेवर.

"किती येळा सांगू," ती दाराला सांगत होती, "आमचे हे आत हायत म्हणून."