दोन डिस्क लावल्या म्हणजे बॅकअप झाला, असं नसतं

घरगुती ग्रुपवर पुन्हा पुन्हा येणारा एक सल्ला आहे. थोडक्यात असा: गुगलला दर महिन्याला पैसे देऊ नका. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर काढा, त्यात दोन हार्ड डिस्क मिररला लावा (म्हणजे दोन्हींवर तोच डेटा एकदम लिहिला जातो), आणि बाहेरून थेट आत येता यावं म्हणून राउटरवर पोर्ट, म्हणजे एक दार, उघडा. फोटो आणि कागदपत्रं कायमची सुरक्षित, कुठूनही उघडा, फुकट, आणि एकदा लावलं की बघायला नको.

घरी सर्व्हर असावा, याच्या मी पूर्ण बाजूने आहे. म्हणूनच हा सल्ला मला खटकतो. त्याच्या भरवशावर लोक फोनमधले फोटो पुसून जागा मोकळी करतात आणि त्या फोटोंची एकमेव प्रत त्या जुन्या मशीनमध्ये उरते.

सगळ्यात घातक विधान दोन डिस्कचं. मिरर, म्हणजे रेड १, एवढंच करतं की एक डिस्क बंद पडली तरी काम थांबत नाही. तुम्ही चुकून लग्नाच्या फोटोंचं फोल्डर डिलीट केलंत, तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातं. रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, शिरलं तर दोन्हीकडच्या फायली एकदमच बंद होतात. पॉवर सप्लाय बिघडून जास्त व्होल्टेज आलं तर ते दोन्ही डिस्कना बसतं. शिवाय बहुतेक जण दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच मॉडेलच्या घेतात. वय सारखं, झीजही सारखी. एक गेल्यावर नवी भरताना उरलेली डिस्क तासन्‌तास सलग वाचली जाते, आणि दुसरी दगा देण्याचा धोका तेव्हाच सर्वात जास्त असतो.

सिंकचंही, म्हणजे दोन उपकरणांवरच्या फायली आपोआप सारख्या ठेवण्याचंही, तेच. त्यासाठीचं सिंकथिंग हे सॉफ्टवेअर उत्तम आहे, मी ते सुचवतोही, पण फोनवर पुसलेली फाइल ते इमानेइतबारे सर्व्हरवरूनही पुसू शकतं. बॅकअप म्हणायचा तर मागच्या महिन्यातली फाइल मागच्या महिन्यात होती तशी परत मिळाली पाहिजे. त्यासाठी रेस्टिक, बोर्ग किंवा कोपिया वापरा. ही साधनं फुकट आहेत, दर वेळी तारखेनिशी स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची प्रत, घेतात आणि बदललेला भागच साठवतात, त्यामुळे जागाही फार लागत नाही. घरच्या फोटोंसाठी लोकप्रिय असलेल्या इमिच या सॉफ्टवेअरचे निर्मातेसुद्धा ३-२-१ चा नियम पाळायला बजावतात: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर.

या नियमातला शेवटचा आकडा सल्ल्यात कुठेच नाही. 'आपल्या घरात आहे म्हणजे सुरक्षित' असं तो गृहीत धरतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणमध्ये घराघरांत पाणी शिरलं. अशा वेळी मिररच्या दोन्ही डिस्क एकाच पाण्यात जातात. आग आणि चोरीचंही तसंच. मोठ्यांचंही हे चुकतं: दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ ला देजोनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक ड्राइव्हवरचा ८५८ टेराबाइट डेटा गेला, कारण त्याची बाहेर प्रतच नव्हती. तेव्हा एक डिस्क दुसऱ्या गावी, बहिणीकडे किंवा मित्राकडे ठेवा. पहिली मोठी प्रत घरीच भरून डिस्क हातानं न्या, पुढचे छोटे बदल इंटरनेटवरून जाऊ द्या. ते नको असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी बदलायची डिस्क बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली तरी चालेल.

'राउटरवर पोर्ट उघडा' हे वाक्य तर काढूनच टाकायला हवं. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅपचे स्टोरेज-सर्व्हर गाठले, फायली एन्क्रिप्ट केल्या, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा करून टाकल्या, आणि प्रत्येक मालकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले. त्याआधी जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह डिस्क दुरूनच रीसेट झाल्या आणि लोकांचा वर्षानुवर्षांचा डेटा पुसला गेला. त्या मॉडेलना २०१५ नंतर अपडेट मिळत नव्हते. आपल्याकडे बऱ्याच इंटरनेट कंपन्या अनेक घरांना इंटरनेटवरचा एकच सार्वजनिक पत्ता (आयपी) वाटून देतात, त्यामुळे पोर्ट उघडूनही बाहेरून काही पोचत नाही आणि माणूस हैराण होतो. त्याऐवजी टेलस्केल किंवा वायरगार्ड वापरा; ही तुमच्या उपकरणांमध्ये खासगी, सुरक्षित जोडणी (व्हीपीएन) करून देतात. टेलस्केल या वाटलेल्या पत्त्यामागेही चालतं आणि सर्व्हर फक्त तुमच्याच उपकरणांना दिसतो.

फुकट? जुना डेस्कटॉप चोवीस तास चालू राहून साठ वॉट खात असेल तर महिन्याला सुमारे ४३ युनिट जळतात, आणि महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटच्या पुढे दर चढतो. दहा-बारा वॉटचा मिनी पीसी सात ते नऊ युनिटांत भागवतो. वीज जाऊन डिस्कवरचं लिखाण अर्धवट राहू नये म्हणून छोटा यूपीएसही लागेलच.

राहिलं 'एकदा लावलं की बघायला नको'. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, त्यातली एकही नीट चालत नव्हती. कुणीतरी काही तासांपूर्वी हातानं घेतलेल्या एका स्नॅपशॉटमुळे ते वाचले, तरी सुमारे सहा तासांचा डेटा गेलाच. व्यावसायिकांचं हे होतं, तर घरचा बॅकअप महिनोन्‌महिने बंद पडलेला कुणाच्या लक्षातही येणार नाही. वर्षातून दोनदा पाच-दहा फायली दुसऱ्याच मशीनवर रिस्टोअर करा आणि उघडून बघा. फाइल दिसते आहे एवढ्यावर थांबू नका, फोटो पूर्ण उघडतो का, पीडीएफची सगळी पानं वाचता येतात का, ते पाहा.

आणि पासवर्ड. रेस्टिकचा बॅकअप एन्क्रिप्टेड असतो, पासवर्ड हरवला तर तो कुणालाही उघडता येत नाही. घरात हे सगळं समजणारा बहुधा एकच माणूस असतो. त्यानं पासवर्ड, डिस्क कुठे आहे ते आणि रिस्टोअर करायच्या पायऱ्या साध्या मराठीत कागदावर लिहून विम्याच्या नि घराच्या कागदांबरोबर ठेवाव्यात, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तो कागद हातात देऊन एक फोटो परत आणायला लावावा.